स्वभाव, शरीर आणि रात्रपाळी

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ अशीही एक आहे. पहिली म्हण सांगते की स्वभाव जन्माबरोबर येतो. दुसरी सांगते की तो शेजारातून येतो. या दोन्ही म्हणी आपण सोयीप्रमाणे वापरतो. स्वतःचा मुलगा बिघडला की पवळ्याची आठवण होते, आणि शेजाऱ्याचा बिघडला की जित्याच्या खोडीची.

मनुष्याच्या वागण्यात त्याच्या शरीराचा वाटा किती, हा प्रश्न या दोन म्हणींच्या मध्ये उभा आहे. व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय आम्हास सुचविला तेव्हा आम्ही प्रथम नकार दिला. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते मागांच्या खडखडाटात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. परंतु विचार करता असे ध्यानात आले की या मोठ्या विषयाचा एक तुकडा आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी कित्येक वर्षे अंगावर भोगलेला आहे. तो तुकडा म्हणजे रात्रपाळी. सबंध विषयाला हात घालण्याचा अधिकार आमचा नाही. या एका खिडकीतून जेवढे दिसते तेवढे श्रोत्यांपुढे ठेवावे, एवढाच हेतू.

प्रथम एक हकीकत सांगणे भाग आहे, कारण तिच्यात चूक आमची आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी इचलकरंजीत आम्ही ज्या कारखान्यात यंत्रमागावर उभे होतो, तेथे बारा तासांच्या दोन पाळ्या चालत. सकाळी सातला एक सुटे, दुसरी लागे. आणि दर आठवड्याला दिवसवाले रात्री व रात्रवाले दिवसा जात. आमच्या शेजारच्या चार मागांवर एक तरुण कामगार होता. दिवसपाळीच्या आठवड्यात त्याच्यासारखा शांत माणूस नाही. स्वतःचे माग सांभाळून दुसऱ्याच्या मागावरचा तुटलेला धागाही तो जोडून देई. रात्रपाळीचे पहिले दोन दिवसही बरे जात. मग मात्र त्याचा चेहरा बदले. कोणी हाक मारली तरी अंगावर येई. एका पहाटे चारच्या सुमारास कापडात दोष राहिला म्हणून जॉबर त्याला बोलला, आणि याने हातातला धोटा भिंतीवर फेकला. लागला कोणालाच नाही. पण त्याच सकाळी त्याला कामावरून काढले.

तो युनियनकडे आला. कमिटीत आम्हीच म्हणालो, ‘माणूस कामाचा आहे, पण मुळात आगीचा आहे. त्याचा स्वभावच तसा. अशाच्या मागे युनियनने किती उभे राहावे?’ सर्वांनी माना हलविल्या. प्रकरण मिटले. ‘स्वभावच तसा’ या दोन शब्दांनी एका माणसाची भाकरी गेली, आणि ते शब्द मालकाच्या तोंडचे नव्हते, आमच्या तोंडचे होते.

आता शास्त्राकडे वळू, आणि मग पुन्हा या माणसाकडे येऊ.

इ. स. १७२९ मध्ये फ्रान्समधील द मेराँ नावाच्या खगोलशास्त्रज्ञाचे एक निरीक्षण पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आले. लाजाळूच्या जातीचे एक झाड त्याने काळोखात ठेवले होते. हे झाड दिवसा पाने उघडते आणि रात्री मिटते, हे सर्वांस ठाऊक होते. सूर्य दिसतो म्हणून ते तसे करीत असेल अशी समजूत होती. पण ऊन लागत नसलेल्या जागीही ते झाड वेळ झाली की पाने उघडे आणि वेळ झाली की मिटे. बाहेर दिवस आहे की रात्र, हे त्याला जणू आतूनच समजत होते.

झाडाचे ठीक; माणसाचे काय? १९३८ मध्ये अमेरिकेत नॅथनिएल क्लाइटमन हा झोपेचा अभ्यासक आपला तरुण सहकारी ब्रूस रिचर्डसन याला घेऊन केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेत महिनाभर राहिला. तेथे ऊन नाही, कोंबडा नाही, भोंगा नाही. दोघांनी चोवीसऐवजी अठ्ठावीस तासांचा ‘दिवस’ पाळावयाचा असे ठरविले. तरुण रिचर्डसनचे शरीर त्या नव्या दिवसाला बरेचसे जुळले. क्लाइटमनचे मात्र काही केल्या जुळेना. त्याच्या अंगाचे तापमान जुन्या चोवीस तासांच्या हिशेबानेच चढत-उतरत राहिले. एकच गुहा, एकच वेळापत्रक, आणि दोन माणसांची दोन शरीरे! ही गोष्ट श्रोत्यांनी मनात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

पुढे १९६२ मध्ये मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच तरुण आल्प्स पर्वतातील एका गुहेत घड्याळाशिवाय सुमारे दोन महिने एकटा राहिला. मुदत संपल्याचे वरच्या मंडळींनी कळविले तेव्हा त्याच्या मोजणीने ऑगस्टची २० तारीख होती. प्रत्यक्षात सप्टेंबरचा मध्य उजाडला होता. मनाचा हिशेब असा पार चुकला. पण तो केव्हा निजे आणि केव्हा उठे याची नोंद वरच्यांनी ठेवली होती. ती पाहता त्याच्या शरीराचा दिवस चोवीस तासांहून थोडाच मोठा निघाला. मन वाट चुकले, देह चुकला नाही. पुढील काळातील काटेकोर प्रयोगांत माणसाच्या या आतल्या दिवसाची लांबी सरासरीने चोवीस तास आणि दहा-बारा मिनिटे भरली आहे. रोजच्या उन्हाने आपण ही दहा-बारा मिनिटे नकळत दुरुस्त करून घेतो, जसे एखादे मागे पडणारे घड्याळ रोज सकाळी लावून घ्यावे.

हे घड्याळ असते कोठे? डोळ्यांपासून निघालेल्या दोन नसा मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर पेशींचे दोन लहान पुंजके आहेत. सगळ्या मिळून पेशी सुमारे वीस हजार. आकार तांदळाच्या दाण्याहून लहान. १९७२ मध्ये असे दिसून आले की उंदराच्या जातीच्या प्राण्यांतील हे पुंजके नष्ट केले की त्यांच्या हालचालीला वेळकाळ राहत नाही. १९९० मध्ये तर याचा निर्णायक पुरावा मिळाला. हॅमस्टर नावाच्या लहान प्राण्यांत एक वाण असे होते की ज्याचा आतला दिवस चोवीसऐवजी वीस तासांचाच होता. ज्याचे स्वतःचे पुंजके काढून टाकले आहेत अशा साध्या हॅमस्टरच्या मेंदूत या वाणाच्या गर्भातील पेशी बसविल्या. तो प्राणी पुन्हा वेळेवर निजू-उठू लागला, पण आता वीस तासांच्या दिवसाने! पेशी ज्याच्या, घड्याळ त्याचे.

आणि हे घड्याळ आनुवंशिक असते हेही सिद्ध झाले आहे. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी चिलटे आपण हाताने हाकलतो. त्या जातीच्या माशीवर १९७१ मध्ये अमेरिकेतील रोनाल्ड कोनोप्का आणि सेमोर बेंझर यांनी काम केले. त्यांना तीन विचित्र प्रकारच्या माश्या मिळाल्या: एकीचा दिवस १९ तासांचा, एकीचा २८ तासांचा, आणि एकीला दिवस असा नाहीच. तिन्हींतील बिघाड एकाच जनुकात होता. जनुक म्हणजे आईबापांकडून आलेली, पेशीने काय बनवावे हे सांगणारी आज्ञा. त्या जनुकाचे काम कसे चालते हे पुढे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांनी उलगडले, आणि त्याबद्दल तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. थोडक्यात सांगावयाचे तर, त्या आज्ञेवरून पेशी एक प्रथिन बनविते. ते प्रथिन साठत गेले की पेशीच्या गाभ्यात शिरून स्वतःचीच आज्ञा बंद करते. मग ते विरघळत जाते आणि आज्ञा पुन्हा सुरू होते. ही एक फेरी पुरी व्हावयास सुमारे एक दिवस लागतो. पाण्याची टाकी भरली की चेंडू वर येऊन नळ बंद होतो आणि पाणी उतरले की पुन्हा सुरू होतो, तसाच हा प्रकार. आपल्या देहातील जवळजवळ प्रत्येक पेशीत अशी टाकी भरते व उतरते. आणि मेंदूतील त्या वीस हजार पेशी या सगळ्यांना एका तालावर ठेवतात.

येथपर्यंत ऐकून एखादा गृहस्थ विचारील, ‘हे सर्व झोपेचे झाले. स्वभावाचा यात संबंध काय?’ तोच आता सांगावयाचा आहे.

या घड्याळाच्या हुकमाने शरीरात रोज भरती-ओहोटी चालते. संध्याकाळनंतर मेलाटोनिन नावाचा रस रक्तात वाढू लागतो आणि रात्र झाल्याची दवंडी देतो. पहाटे चार-पाचच्या सुमारास अंगाचे तापमान दिवसातील सर्वात खाली असते. त्या वेळी लक्ष, हातांची चपळाई आणि निर्णय घेण्याची शक्ती, सगळेच तळाला गेलेले असते. सकाळी उठण्याच्या सुमारास कॉर्टिसॉल नावाचा दुसरा रस उसळतो आणि देह दिवसाला तयार होतो. शिवाय जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य तासातासाने साठत जाते. ते झोपेचे कर्ज समजावे. रात्रपाळीत दोन वाजता आपण जो चहा घेतो त्याने हे कर्ज फिटत नाही. चहातील कॅफीन फक्त सावकाराला दारात अडवून धरते. सावकार सकाळी येतोच.

आता रात्रपाळीच्या कामगाराचा विचार करा. पहाटे चारला त्याचे घड्याळ त्याला ‘नीज’ म्हणते आणि मुकादम त्याला ‘चल’ म्हणतो. सकाळी घरी येतो तेव्हा डोळ्यांवर ऊन पडलेले असते; घड्याळ म्हणते ‘ऊठ’, आणि हा झोपावयास जातो. म्हणून त्याची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेहून एकापासून चार तासांपर्यंत कमी भरते, असे जगभरच्या पाहण्यांत आढळले आहे. पत्र्याची खोली, शेजारच्या कारखान्यातला खडखडाट, दारात खेळणारी मुले, ही तर वेगळीच. घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने सरकू शकते. बारा तास उलटी पालटलेली पाळी पचवावयास त्याला दीड-दोन आठवडे हवेत. आणि आमच्याकडे आठवडा भरला की पाळी पुन्हा बदले! म्हणजे शरीर जेमतेम अर्ध्या वाटेवर येते तोच त्याला परत फिरवावयाचे. असे आमचे वर्षामागून वर्ष गेले.

झोप मोडलेल्या माणसाच्या मनाचे काय होते, याचेही मोजमाप झाले आहे. मेंदूत आत बदामाच्या आकाराचा एक भाग आहे. भय आणि राग येथे पेटतात. कपाळामागे मेंदूचा जो पुढचा भाग आहे तो त्याला लगाम घालतो. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या तरुणांना उद्वेगजनक चित्रे दाखविली. झोपलेल्यांच्या मानाने त्यांच्या त्या बदामी भागाची उसळी सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होती, आणि लगामाचा दोर ढिला पडला होता. दुसरा एक प्रयोग १९९७ चा, ऑस्ट्रेलियातील. सतत १७ तास जाग्या माणसाच्या हाताची व नजरेची सुसूत्रता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते असे त्यात दिसले. आपल्या देशात ०.०३ टक्क्यांवर मद्य असता गाडी चालविली तर तो गुन्हा आहे. दारू प्यालेल्या माणसाच्या हाती कोणी चार माग देणार नाही. झोप मोडलेल्याच्या हाती मात्र खुशाल देतो, आणि त्याचे चुकले म्हणजे त्याच्या स्वभावाला नावे ठेवतो.

यावर एक शंका रास्त आहे. रात्रपाळी तर सगळेच करीत होते. मग धोटा एकानेच का फेकला? येथे गुहेतील त्या दोघांची आठवण करावी. घड्याळ सर्वांस असते, पण सर्वांचे सारखे नसते. कोणी पहाटेचा पक्षी असतो, कोणी रात्रीचा. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की हा फरक निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून काहीसा कमी आनुवंशिकतेने येतो. उरलेला वय, ऊन, काम आणि सवय यांनी ठरतो. अमेरिकेच्या युटा राज्यातील एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या काही माणसे संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पेंगू लागत आणि पहाटे साडेचारला टक्क जागी होत. २००१ मध्ये त्याचे कारण सापडले: माशीच्या त्या जनुकाच्याच जातीच्या एका मानवी जनुकात एका जागी झालेला बदल.

लवकर उठणारास आपण सद्गुणी म्हणतो आणि उशिरा उठणारास आळशी. शाळेत, घरात, पुराणात सर्वत्र हीच शिकवण. लवकर उठण्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. पण त्या युटातील मंडळींचे पहाटे उठणे हा जर सद्गुण असेल, तर तो त्यांनी कमावलेला नसून एका जनुकाने फुकट दिलेला आहे, हे मान्य करावे लागेल. तसेच वयात आलेल्या मुलांचे. बारा-तेरा वर्षांपासून विशीच्या सुमारापर्यंत मुलांचे घड्याळ मागे मागे सरकते. उतारवयात ते पुन्हा पुढे येते. म्हणून घरातले आजोबा चारला उठून खोकतात आणि नातू आठपर्यंत उठत नाही. दोघांचे रोजचे भांडण चारित्र्याचे आहे असे घरच्यांस वाटते. त्यात अर्धेअधिक भांडण दोन घड्याळांचे असते.

आता आम्ही एका धोक्याच्या जागी आलो आहोत, आणि येथे सावकाश चालले पाहिजे. देहाचा स्वभावाशी संबंध आहे असे म्हटले की दोन प्रकारची माणसे टाळ्या वाजवितात. एक म्हणतो, ‘माझ्या रक्तातच राग आहे, मी काय करू?’ आणि घरी जाऊन बायकोवर हात उगारतो. दुसरा म्हणतो, ‘यांच्या रक्तातच चोरी आहे,’ आणि एका सबंध जमातीभोवती कुंपण घालतो. ही दुसरी गोष्ट कल्पनेतली नव्हे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. आमच्यापासून दूर नसलेल्या सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलेली वसाहत होती. तेथील माणसे दिवसा गिरणीत राबत आणि हजेरीसाठी परत कुंपणात जात. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये हा कायदा गेला, तरी सोलापूरच्या त्या भागास लोक अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात, आणि कलंकही पुरता गेला असे नाही. याच काळात, १८७६ मध्ये, इटलीतील लोम्ब्रोझो नावाच्या डॉक्टरने कवटी व जबडा पाहून जन्मजात गुन्हेगार ओळखण्याचे शास्त्र काढले होते. ते शास्त्र खोटे ठरले. मधल्या मधे भोगले ते मात्र भोगणारांनी.

म्हणून आम्हास जे समजले ते असे. देह माणसाला ढकलतो, पण निकाल लिहून देत नाही. चोरी, शौर्य, प्रामाणिकपणा यांचे असे एखादे जनुक नाही. जनुकांवरून शरीरात काही कल येतात. कोणाला झोप लवकर, कोणाला राग लवकर. तो कल कोणत्या जमिनीवर पडतो यावर पुढचे ठरते. त्या तरुणाचे शरीर रात्रीला न जुळणारे असेल; परंतु रात्र त्याच्या रक्तातून आली नव्हती. ती पाळीच्या तक्त्यातून आली होती. बारा तास निसर्गाने ठरविले नव्हते. जितके कापड तितकी मजुरी, म्हणून अर्ध्या तासाची डुलकीही परवडत नाही, हेही कोणत्या जनुकात लिहिलेले नाही.

उलट बाजूचाही एक इशारा द्यावासा वाटतो. रात्री घडलेल्या प्रत्येक अपघाताचे खापर झोपेवर फोडणे हेही खोटेच. भोपाळची वायुगळती १९८४ च्या डिसेंबरात २ आणि ३ तारखांमधील रात्री झाली हे खरे. पण तेथे विषारी द्रव्य थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, गळालेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी निकामी होता, आणि माणसे कमी केलेली होती. पेंगुळलेला कामगार ही शेवटची कडी असू शकते. साखळी दुसऱ्यानेच ओवलेली असते. जीवशास्त्राच्या नावाखाली ती साखळी झाकू देता कामा नये.

मग करावे काय? गिरण्या रात्री बंद ठेवा असे आम्ही म्हणत नाही. दवाखाना, रेल्वे, पाणी, वीज यांना रात्र आहेच. पण रात्र कशी वाटावयाची हे माणसाच्या हातात आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला तरी काम थांबेना. दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. तेव्हा ‘कामगाराला याची सवय असते’ असेच सांगितले जात होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्याने १८९० मध्ये आठवड्याची सुटी मिळाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ मध्ये आठवडा साठ तासांचा झाला, १९३४ मध्ये चोपन्नचा, १९४६ मध्ये अठ्ठेचाळीसचा. या प्रत्येक वेळी कामगाराचा देह तोच होता. बदलले ते नियम. आणि नियम बदलताच ज्यांना ‘जात्याच आळशी’ म्हणत त्यांची चित्रे पालटली.

पाळ्यांबाबतही प्रयोग झाला आहे. युटा राज्यातच एका खनिज कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदले, तीही उलट्या दिशेने: आधी रात्र, मग दुपार, मग सकाळ. शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने ती सुलट केली, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र; आणि आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलावयाची ठरविली. १९८२ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. कामगारांचे समाधान वाढले, प्रकृतीच्या तक्रारी घटल्या आणि उत्पादनही वाढले. सुलट का बरे? आपल्या आतला दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा आहे. म्हणून उशिरा निजणे त्याला सोपे, लवकर निजणे अवघड. एवढी बारीक गोष्ट, पण तीनशे माणसांच्या घरातली भांडणे त्याने कमी होऊ शकतात.

१९९० मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने रात्रीच्या कामाबाबत जो करार केला, त्यात रात्रपाळीच्या कामगाराने मागितल्यास त्याची मोफत वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि प्रकृतीमुळे जो रात्रीला अपात्र ठरेल त्याला शक्य तेथे तशाच दुसऱ्या कामावर घ्यावे, असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात घातले. तेव्हा हा नुसता चिडचिडीचा प्रश्न राहिलेला नाही.

कायदा होईल तेव्हा होवो. घरात आजच काही करता येते. रात्रपाळीहून आलेल्या माणसाच्या खिडकीला जाड गोधडी लावावी. येताना उन्हापासून डोळे झाकावेत. पाळीच्या उत्तरार्धात चहा घेऊ नये, कारण त्याचा अंमल सकाळच्या झोपेवर पाच-सहा तास राहतो. आणि ज्या घरी रात्रपाळी आहे त्या घरच्या बाईकडे पाहावे. नवरा सातला येणार म्हणून ती पाचला चूल पेटविते, मुलांना शाळेत धाडते, तो निजला म्हणून दिवसभर आवाज न करता वावरते, मग कांड्या भरावयास कामावर जाते आणि रात्री त्याचा डबा करून शेवटी निजते. तिच्या पाळीला भोंगा नाही आणि सुटीही नाही. ती चिडली तर तिच्या स्वभावाकडे बोट दाखविण्यापूर्वी तिची झोप मोजावी.

आता त्या तरुणाची गोष्ट पुरी करू. काही वर्षांनी हे सर्व वाचत असता आम्हास त्याची आठवण झाली, आणि आम्ही कचेरीतील तक्रारींची जुनी वही काढली. त्याच्या नावावर पाच भांडणे होती. तारखा पाळीशी ताडून पाहिल्या. पाचही रात्रपाळीच्या आठवड्यातली, आणि पाचही आठवड्याच्या उत्तरार्धातली. पाच नोंदींनी शास्त्र सिद्ध होत नाही हे आम्ही जाणतो. पण ती वही त्या दिवशीही कपाटात होती, आणि कमिटीच्या बैठकीत ती उघडावी असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. ‘स्वभाव’ हा शब्द सापडला की माणूस पुढे शोधावयाचे थांबतो. त्या शब्दाचा खरा धोका हाच.

आम्ही त्याला शोधून भेटलो. सुताच्या एका गोदामात तो दिवसाचे काम करीत होता. केस पिकले होते. आम्ही त्याला वहीतल्या तारखा दाखविल्या आणि आमचे चुकले असे सांगितले. त्याने वही शांतपणे पाहिली, परत दिली आणि म्हणाला, ‘अण्णा, हे तवा बोलला असता तर बरं झालं असतं.’

त्याला उत्तर आमच्याजवळ नव्हते. आता युनियनकडे कोणी भांडणाची तक्रार घेऊन आला की आम्ही त्याला पहिला प्रश्न विचारतो, ‘कोणत्या पाळीत? किती वाजता?’ श्रोत्यांपैकी कोणी मालक असतील, कोणी शिक्षक, कोणी सासवा, कोणी सुना. प्रत्येकाच्या घरी किंवा हाताखाली ‘स्वभावाने तसा’ असा एखादा तरी असेलच. त्याच्याविषयी अखेरचे मत बनविण्यापूर्वी हे दोन प्रश्न विचारावेत, एवढीच आमची विनंती.